थांबायचा खर्च कुणाचा?

वाईनवर काही लिहिलं की खाली दोन पार्ट्या पडणार, हे आता पाठ झालंय. एक म्हणते, वाईन म्हणजे दारू नव्हेच. दुसरी म्हणते, महाराष्ट्र बुडाला. दोन्ही बाजू जोरात असतात आणि मधे द्राक्ष पिकवणारा गप्प उभा असतो. म्हणून आधीच सांगतो, आज ज्या पेयाबद्दल लिहितोय त्यात १९ ते २२ टक्के अल्कोहोल असतं. ती दारूच आहे. ज्यांना वर्ज्य आहे त्यांना माझा काही आग्रह नाही. पण त्या बाटलीमागे एक हिशेब आहे आणि तो निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या प्रत्येकाने, पिणाऱ्याने आणि न पिणाऱ्यानेही, एकदा बघण्यासारखा आहे.

बाटली होती १९७७ सालच्या व्हिंटेज पोर्टची. २०२४ च्या डिसेंबरात मी ताई-दाजींकडे ब्रिस्टॉलला होतो. त्यांच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, वय पंचाहत्तरीच्या पुढे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मी द्राक्षवाल्या घरातला आहे हे दाजींनी त्यांना सांगितलं होतं. नाताळच्या आधी त्यांनी बोलावणं धाडलं, की यांना आमचं तळघर बघू दे.

तळघर म्हटल्यावर सिनेमातलं डोळ्यांपुढे आणू नका. जिन्याखाली एक बुटकं दार, आठ पायऱ्या, वाकून जायचं. जुनी सायकल, रंगाचे डबे, आणि भिंतीला लागून लाकडी मांडणीत आडव्या ठेवलेल्या बाटल्या. एसी नाही, काही नाही. जमिनीखाली असल्यामुळे उन्हाळा-हिवाळा तिथे फारसा पोचत नाही, एवढंच काय ते यंत्र. उजेड नको, हलवाहलव नको, आणि बूच सुकू नये म्हणून बाटली आडवी. काही बाटल्यांवर चुन्यासारख्या पांढऱ्या रंगाचा एक फटकारा होता. तो कशाला, तर बाटली आडवी असताना वरची बाजू कोणती ते कळावं म्हणून. कधी जागा बदलायची वेळ आली तरी ती बाजू वरच राहायला हवी, म्हणजे खाली बसलेला गाळ जागचा हलत नाही.

त्यांचा मुलगा १९७७ चा. नातू झाला म्हणून आजोबांनी त्या सालच्या बारा बाटल्या घेऊन ठेवल्या. इंग्लंडात ही जुनी रीत आहे. पूर्वी पैसेवाले लोक मुलाच्या जन्मसालाचं अख्खं पिंप घेऊन ठेवायचे. एक पिंप म्हणजे साधारण ५५० लिटर, सातशेवर बाटल्या. यांच्या घरी ऐपतीप्रमाणे बारा. पहिली उघडली ती मुलगा एकवीस वर्षांचा झाला तेव्हा. कोणती कधी उघडली, कोण कोण होतं, कशी लागली, हे सगळं एका शाळेच्या वहीत लिहिलेलं. आमच्या वाट्याला आली ती नववी.

ती त्यांनी दोन दिवस आधीच उभी करून ठेवली होती, गाळ तळाला जावा म्हणून. बूच अर्ध्यात तुटलंच. इतक्या वर्षांचं बूच, त्याला तरी काय बोलणार. तुकडे हळूच काढले, मग बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून, एका संथ धारेत, दुसऱ्या काचेच्या भांड्यात ओतत गेले. पूर्वी मेणबत्ती धरायचे म्हणे. मानेशी काळा गाळ दिसायला लागला तसा हात थांबवला. तळाशी चार बोटं तशीच राहिली. मी विचारलं, ही फेकणार? ते हसले. म्हणाले, ती सुनेच्या सॉससाठी.

आता चव. मला वाईनच्या पुस्तकातली भाषा येत नाही, आपल्या भाषेत सांगतो. नवी पोर्ट शाईसारखी जांभळी-काळी असते. ही तशी नव्हती. मधे गडद माणकासारखी आणि ग्लास तिरका केला की कडेला विटकरी. वास पहिल्यांदा बंद पेटीचा आला, थोडा वेळ गेल्यावर सुकं अंजीर, मनुका, लवंग, तंबाखूची डबी. तोंडात गोड, पण काकवीसारखी चिकट गोड नाही. घरी वर्षानुवर्षं बरणीत राहून काळं पडलेलं लिंबाचं लोणचं आठवा. आजारी माणसाच्या तोंडाला चव यावी म्हणून त्यातली फोड देतात. त्यात आंबट, खारट, गोड वेगवेगळं काढून दाखवता येत नाही, सगळं एकमेकांत मुरलेलं असतं. तसं होतं ते. दारूचा जाळ होता, पण घशाला नव्हता, खाली पोटात गेल्यावर ऊब म्हणून कळला. घोट संपला तरी चव बराच वेळ मागे राहिली. ताई म्हणाली, "अरे, हळू. चहा नाहीये तो."

मी शेतकऱ्याचा मुलगा. चवीच्या पाठोपाठ माझा प्रश्न पैशाचाच होता. हे थांबायचे पैसे कुणी दिले? ते म्हणाले, "माझ्या वडिलांनी. त्यांनी एकदा पैसे भरले आणि वीस वर्षं त्याला हात लावला नाही. पैसे इथे खालीच झोपून होते."

त्या एका वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय.

आपल्याला पोर्ट म्हटलं की गोवा आठवतो. स्वस्त, लाल, गोड बाटली. तिच्यावर हसायचं कारण नाही, ती साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीची मागे राहिलेली सवय आहे. पण गोव्यात व्यापारी प्रमाणात द्राक्ष होत नाही, ते घाटावरून जातं. आणि पोर्ट हे नाव ज्याच्यावरून पडलं ते पोर्तो शहर उत्तर पोर्तुगालमध्ये, दोरू नदीच्या मुखाशी आहे. खरी पोर्ट याच नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या द्राक्षांची. पोर्तो हे नाव आपल्या देशातही भौगोलिक मानांकन म्हणून नोंदलेलं आहे.

करायची पद्धत अशी. उभ्या डोंगरउतारावर, पाटीसारख्या पापुद्र्यांच्या दगडात, पायऱ्या-पायऱ्यांचे मळे. उन्हाळा असा की दगड तापतो. द्राक्षं तोडून दगडी हौदात टाकतात, आणि चांगल्या मालासाठी अजूनही काही ठिकाणी माणसं रांगेने उतरून पायांनी तुडवतात. आंबवण सुरू होते, द्राक्षातली साखर निम्मी-अर्धी संपते, तेवढ्यात त्यात द्राक्षापासूनच काढलेलं ७७ टक्क्यांचं स्पिरिट ओततात. त्या तेजीत यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून ती गोडही असते आणि कडकही.

त्यातली व्हिंटेज पोर्ट म्हणजे एकाच सालच्या, उत्तम मालाची. साधारण दहा वर्षांत तीनेक सालं अशी निघतात की बहुतेक मोठे उत्पादक ते साल 'जाहीर' करतात. नुसतं त्यांनी म्हणून भागत नाही. नमुना सरकारी संस्थेकडे जातो, तिथे चाखून आणि तपासून मंजुरी मिळते. मग दोन ते तीन वर्षं पिंपात, आणि न गाळता बाटलीत. इथून पुढची वीस, तीस, पन्नास वर्षं ती बाटलीतच मुरते. मात्र मुरण्याआधीच ती विकली गेलेली असते. शेतकऱ्याचे पैसे द्राक्षांबरोबर चुकते झालेले असतात, व्यापाऱ्याचे बाटलीबरोबर. पुढचं थांबणं गिऱ्हाईकाच्या तळघरात, गिऱ्हाईकाच्या पैशावर.

म्हणजे जुनं होणं फुकट नसतं. सत्तेचाळीस वर्षं कुणाचे तरी पैसे अडकून पडलेले असतात. त्या धंद्याची रचनाच अशी, की ज्याला थांबणं परवडतं त्याने थांबावं.

हे सगळं काही सज्जनपणातून आलेलं नाही, हेही सांगायला हवं. अठराव्या शतकात इंग्लंडातून मागणी वाढली तशी भेसळ वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरी नावाच्या झुडपाच्या फळांचा रस मिसळायचे. बोभाटा झाला, भाव कोसळले. तेव्हा पोर्तुगालचा कारभार ज्याच्या हातात होता, तो पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून ओळखला गेला. लिस्बनच्या १७५५ च्या भूकंपानंतर शहर उभं करणारा तो हाच. १७५६ साली त्याने एक कंपनी काढली आणि दोरू खोऱ्याची हद्द आखली. आपल्याकडे तेव्हा नानासाहेब पेशवे होते, पानिपत अजून पाच वर्षं लांब होतं. हद्दीवर ग्रॅनाइटचे तीनशेहून अधिक खांब रोवले, त्यातले कित्येक आजही उभे आहेत. हद्दीत एल्डरबेरीची झुडपं ठेवायला बंदी घालून ती उपटायला लावली.

बांधाच्या दगडावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आपल्या लोकांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. फरक इतकाच, की तो दगड कोण किती विकू शकतो आणि कोणत्या नावाने, हे सांगणारा होता.

पण कंपनीला मक्तेदारीही दिली. पोर्तोमधल्या साध्या गुत्तेवाल्यांची वाईन महागली आणि १७५७ मध्ये लोक रस्त्यावर उतरले. दंगा चिरडला, माणसांना फाशी दिली. पुढे कायदा असा होता की पोर्ट निर्यात करायची तर नदीच्या मुखाशी असलेल्या विला नोव्हा द गाया गावातल्या वखारींमधूनच. डोंगरातल्या छोट्या मळेवाल्याला थेट परदेशात माल पाठवायला १९८६ साल उजाडावं लागलं. तेव्हा युरोपातलं सगळं आदर्श आणि आपलं सगळं भिकार, असं मला म्हणायचं नाही.

तरी त्यांचा एक नियम मला वहीत लिहून घ्यावासा वाटला. त्याला 'एक तृतीयांशाचा कायदा' म्हणतात. पोर्टच्या व्यापाऱ्याला वर्षभरात आपल्या साठ्याच्या साधारण एक तृतीयांशच माल विकता येतो. बाकीचा ठेवावाच लागतो. का, तर घाईने कच्चा माल बाजारात ओतला तर सगळ्यांचंच नाव जातं. म्हणजे तिथे मुरवणं व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही, कायद्याने त्याच्या गळ्यात बांधलंय. शिवाय कोणत्या मळ्यातली किती द्राक्षं पोर्टसाठी घ्यायची, हे दरवर्षी ठरवून दिलं जातं. मळ्यांना उतार, उंची, माती, वेलीचं वय बघून श्रेणी दिलेली असते. आणि प्रत्येक बाटलीवर संस्थेची नंबर असलेली कागदी पट्टी.

आता नाण्याची दुसरी बाजू. जगात पोर्टचा खप घटतोय. त्यामुळे दरवर्षी ठरणारा हा कोटाही खाली येतोय. २०२३ मध्ये तो १ लाख ४ हजार पिंपांचा होता, २०२५ मध्ये ७५ हजारांवर आला. कोट्याबाहेरची द्राक्षं साध्या वाईनला जातात, त्याला भाव कमी. कित्येक मळेवाल्यांना गिऱ्हाईकच मिळेना, ते रस्त्यावर आले. पावणेतीनशे वर्षांची व्यवस्था, तिच्यातसुद्धा मंदी आली की पहिला फटका मळ्यालाच. तो खांब शेतकऱ्याला नुसता उभा राहून वाचवत नाही. दर पिढीला परत भांडावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ.

२००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. वायनऱ्या निघाल्या. वाईनची द्राक्षं लावा, करार करा, भाव बांधून मिळेल, असं वातावरण होतं. आमच्या वडिलांनी दोन एकरांत शिराज लावली. कुणासाठी, ते लिहीत नाही, त्याने काही साधत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वाईनचं द्राक्ष खायचं द्राक्ष नव्हे. मणी बारीक, साल जाड, आत बिया. मार्केटला नेलं तर कुणी हात लावत नाही, बेदाणाही धड होत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, वायनरी. खुंट लावा, कलम करा, मांडव उभा करा, तिसऱ्या वर्षी माल. तोवर खर्च शेतकऱ्याचा, म्हणजे सोसायटीच्या कर्जाचा.

२००८ नंतर मंदी आली, वायनऱ्यांकडे साठे तुंबले. आमची गाडी गेटवर दोन दिवस उभी राहिली. साखर उतरल्याचं कारण सांगून भाव पाडला. उरलेले पैसे तुकड्या-तुकड्यांनी यायला चौदा महिने लागले. वडील फार बोलणारे नव्हते. एकदाच म्हणाले, "द्राक्ष थांबत नाही रे. थांबायचं आपणच." २०११ मध्ये आम्ही ती बाग तोडून थॉम्पसन लावली. त्या दोन-तीन वर्षांत तालुक्यात आमच्यासारखे कितीतरी होते, वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आठवत असेल.

आता दोन हिशेब शेजारी ठेवा. ब्रिस्टॉलच्या तळघरात आजोबांचे पैसे वीस वर्षं झोपले, ते त्यांनी हौसेने झोपवले, त्यांना परवडत होते. आमच्या वडिलांचे चौदा महिने झोपले, त्यांना कुणी विचारलं नाही, आणि बँकेचं व्याज जागंच होतं. वाईन दोन्हीकडे मुरली असेल. खर्च कुणाच्या अंगावर पडला ते बघा.

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला. कारण दिलं शेतकऱ्याचं. मग 'मद्यराष्ट्र' हा शब्द गाजला, उपोषणाचे इशारे झाले, चॅनेलवर महिनाभर चर्चा झाल्या, आणि निर्णय बासनात गेला. त्या सगळ्या गदारोळात बाटली कोणत्या दुकानात ठेवायची यावर सगळे बोलले. द्राक्षाचे पैसे किती दिवसांत मिळणार, यावर एकही चर्चा मी तरी ऐकली नाही. ना बाजूच्यांकडून, ना विरोधकांकडून.

उसाचं बघा. उसाला एफआरपी आहे. माल घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. पाळला जातो का, तर कोल्हापूर-सांगलीवाले सांगतील. पण नियम आहे म्हणून तरी तिथे आंदोलन करता येतं, साखर आयुक्तांच्या दारात जाता येतं. वाईनच्या द्राक्षाला असा काही आधार नाही. करार आहे, आणि करार मोडला तर दोन एकरवाल्याने वकील लावायचा.

माझं मागणं फार मोठं नाही. दोनच गोष्टी.

एक, राज्य सरकार वायनऱ्यांना वाईनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परत देण्याची योजना चालवतं. हा जनतेचा पैसा आहे. तो देण्याआधी त्या हंगामातल्या सगळ्या द्राक्षांची बिलं चुकती झाल्याचा दाखला मागा. शेतकऱ्यांच्या सह्यांसकट. यासाठी नवीन कायदा लागत नाही, एक अट घालावी लागते.

दोन, 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन आहे. त्याचा उपयोग फक्त बाटलीवरच्या चित्रापुरता नको. त्या नावाखाली काय विकायचं, द्राक्ष कुठलं आणि किती, हे ठरवायला बसणाऱ्यांमध्ये मळेवाल्यांची माणसं असावीत, निम्मी तरी. नाव आपल्या मातीचं आहे, मग ते सांभाळायची खुर्चीही आपल्याला हवी.

वाईन चांगली की वाईट, हा वाद चालू राहील, राहू दे. पण पीक शेतात उभं आहे, ते लावायला सरकारनेच सांगितलं होतं, आणि माल मुरवायचा असेल तर थांबावं लागणार हेही खरं. ते थांबणं ज्याच्या खिशाला झेपतं त्याच्या खिशातून व्हावं, इतकंच म्हणणं आहे.

ज्यांच्याकडे आजही वाईनची द्राक्षं आहेत त्यांनी खाली एवढंच लिहा: गेल्या हंगामात माल घातल्यापासून शेवटचा रुपया हातात पडेपर्यंत किती दिवस लागले. वायनरीचं नाव नको, नुसता आकडा द्या. शंभर आकडे जमले तर ते घेऊन जायला माणसं तयार आहेत, मी त्यातला एक. आणि ज्यांना फक्त 'दारू वाईट' एवढंच लिहायचंय त्यांना विनंती, ते मी वरच मान्य केलंय, तेवढी जागा आकड्यांना ठेवा.